आधी यंत्र, मग भिंती

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं विद्यापीठ झालं तेव्हा एक स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा, आणि एका हातात धरली तर मनगट दुखेल इतकं वजन. तिच्यात 'उभारणीचे शिल्पकार' असं सदर आहे. त्यात संस्थापकांचा फोटो आहे, तो असायलाच हवा. सगळ्या प्राचार्यांचे आहेत. पायाभरणीला आलेल्या मंत्र्यांचा आहे. त्यांनी नारळ फोडला आणि जेवून गेले, एवढंच त्यांचं शिल्प. एका पानावर प्रवेशद्वारासमोरच्या कारंज्याचाही फोटो आहे. ते कारंजं मी आणलं. उद्घाटनाच्या दिवशी ते एकदा उडालं, नंतर बीडच्या पाण्यावर त्याला उडणं काही जमलं नाही, म्हणून त्यात शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. म्हणजे आयुष्यात एकदाच काम केलेल्या कारंज्याचा फोटो आहे, आणि ते सांगितलेल्या भावाच्या निम्म्यात आणणाऱ्या माणसाचा नाही.

तेव्हा मी कोण, हे मलाच सांगावं लागणार. मी लिंबाजी. कागदोपत्री 'भांडारपाल'. प्रत्यक्षात या संस्थेत खडूपासून प्रोफेसरपर्यंत जे जे बाहेरून आलं, ते मी घासाघीस करून आणलं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची असती तर अजून बरंच सांगता आलं असतं.

घासाघीस मी शिकलो बैलबाजारात. आमचं गाव आष्टी तालुक्यातलं. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जायचे आणि मला मामांकडे ठेवायचे. मामा बाजारात दलाली करायचे. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एका उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबतात. दाबलेल्या बोटांवरून भाव कळतो. भोवतीची माणसं नुसती चेहरे बघत राहतात. मूठ मिटली, की सौदा मोडला; मग कुणी कुणावर रागवायचं नाही, आपापल्या वाटेने जायचं.

मामांची एक शिकवण मी जन्मभर पाळली. जे हवं असेल ते पहिल्यांदा मागायचं नाही. आधी भलतंच मोठं काहीतरी मागायचं. समोरचा नाही म्हणतो. नाही म्हटल्यावर चांगल्या माणसाला जरा वाईट वाटतं. मग आपल्याला हवं ते हळूच पुढे करायचं. वाईट माणसाला वाईट वाटत नाही, त्याच्यासाठी मी राग राखून ठेवलेला असे. माझा राग निम्मा खरा आणि निम्मा कामापुरता होता. त्यातला कुठला निम्मा कधी बाहेर पडला, हे कधी कधी माझं मलाही कळत नसे.

याच बाजारात दादासाहेबांची गाठ पडली. दादासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे संस्थापक. मोठी शेती, मोठ्या मिशा आणि राजकारणात मोठा गट. त्यांची बैलजोडी विकायची होती आणि मी एका शेतकऱ्याच्या वतीने घ्यायला उभा होतो. सौदा झाला, बैल गेले. दुसऱ्या आठवड्यात दादासाहेबांचा माणूस मला बोलवायला आला. मला वाटलं, आता मार बसतो.

"बैल गेले ते गेले," दादासाहेब म्हणाले, "पण झूल आन् घुंगरमाळा कामून दिल्या रं मी तुला?"

"तुम्हीच दिल्या, दादासाहेब. मी फकस्त मागितल्या."

"आन् गाडीभर कडबा?"

"बैल वाटेत काय खातील, असं मी नुसतं इचारलं. तुमचं मन मोठं हाय."

दादासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी इंजिनिअरिंगचं कालेज काढतोय. खरेदीला तू ये. आता घुंगरमाळा आपल्या बाजूनं आण."

तेव्हा राज्यात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं नुकतीच निघायला लागली होती. बीडमध्ये इंजिनिअर म्हणजे धरणावर जीपमधून येणारा साहेब, एवढीच ओळख. दादासाहेबांनी पालीच्या रस्त्याला आपलं मुरमाड रान संस्थेला दिलं. त्या रानात कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं, तिथे इंजिनिअर उगवतील अशी त्यांची श्रद्धा होती. पण मान्यता आली तेव्हा तिथे इमारत नव्हती. म्हणून पहिले वर्ग एका मंगल कार्यालयात भरले. लग्नतिथीला कॉलेजला सुट्टी. इतर दिवशी नवरा-नवरीच्या व्यासपीठावरून गणिताचे सर शिकवायचे. मागे कुणाच्या तरी लग्नातली 'शुभविवाह' ही थर्माकोलची अक्षरं तशीच असायची. एकदा तास लांबला आणि वऱ्हाड आलं. मुलं पंगतीत बसून जेवली. वधूपक्षाला वाटलं वरपक्षाची, वरपक्षाला वाटलं वधूपक्षाची. मुलांची त्या महिन्याची हजेरी सगळ्यात चांगली होती.

पहिले प्राचार्य रानडे सर पुण्याचे. सरकारी कॉलेजातून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन, आणि सज्जन असल्यामुळे खरेदीला पूर्ण निरुपयोगी. दुकानदाराने भाव सांगितला की सर "योग्यच आहे" म्हणायचे. मी त्यांना नंतर दुकानाबाहेर उभं करू लागलो.

एके दिवशी त्यांनी मला यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, हवं म्हणून सांगितलं. हे यंत्र ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन जाडजूड खांब, मध्ये दोन पोलादी जबडे. लोखंडी सळई त्या जबड्यांत धरायची आणि तेलाच्या दाबाने ताणत न्यायची. ताणत ताणत सळई मध्ये बारीक होते आणि मग बंदुकीसारखा आवाज होऊन तुटते. किती जोरावर तुटली ते शेजारच्या मोठ्या तबकडीवर दिसतं. पूल, धरण, घर बांधायच्या आधी लोखंड कितपत सोसेल ते असं बघतात. मला ते ऐकूनच आवडलं. माझाही धंदा तोच होता; फक्त मी तुटायच्या जरा अगोदर थांबायचो.

नवं यंत्र घ्यायची संस्थेची ऐपत नव्हती. पुण्याकडे एक कारखाना बंद पडून त्याचं सामान विकायला निघाल्याचं कळलं. गेलो. यंत्र कोपऱ्यात उभं होतं, हिरवट रंगाचं, छताला टेकेल असं. मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. पहिल्या दिवशी मी कपाटांवरून भांडलो. दुसऱ्या दिवशी एका वजनकाट्यावरून असा संतापलो की व्यवस्थापकाने मला पाणी दिलं. कारखान्याचा भोंगा सुद्धा मागितला. तो म्हणाला, "भोंगा कशाला हवाय कॉलेजला?" मी म्हटलं, "मुलं उठत न्हाईत." शेवटी तो पार थकला, तेव्हा दारातून निघता निघता मी म्हटलं, "ते कोपऱ्यातलं धूड तुमच्या गळ्यात पडणार. ते कोण नेणार?"

"तुम्ही न्या की," तो म्हणाला.

"मी? आन् ठिवू कुठं?"

तिथून पुढे त्यानेच मला यंत्र विकलं. मी फक्त 'नको' म्हणत भाव खाली खाली आणला. सोबत दोन पेट्या सुटे भाग, तेलाचे डबे आणि भोंगा. भाव मी सांगणार नाही. सांगितला तर त्याच्या मुलाबाळांना वाईट वाटेल. अट एकच होती: यंत्र त्याच आठवड्यात हलवायचं.

ट्रक पालीच्या रस्त्याला येऊन उभा राहिला तेव्हा रानडे सर धावत आले.

"लिंबाजी, हे ठेवणार कुठे? प्रयोगशाळा कुठंय?"

"ही काय," मी जोत्याकडे बोट दाखवलं. खरोखरच जोतं झालं होतं, आणि यंत्राचा काँक्रीटचा पाया नकाशाप्रमाणे भरून तयार होता. भिंती तेवढ्या नव्हत्या.

"अहो, आधी इमारत, मग दरवाजा, मग यंत्र! असा क्रम असतो."

एवढं वजन उचलणारी क्रेन त्या वेळी जवळच्या साखर कारखान्याकडेच होती. कारखान्याचा फोरमन बिडी विझवत म्हणाला, "आज उचलायचं तर उचला. परवा बॉयलर पेटतोय. मग गाळप संपल्याशिवाय क्रेन न्हाई." दादासाहेब जीपमधून उतरले, त्यांनी यंत्राकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि निकाल दिला, "बसवा. भिंती काय, कवाबी बांधता येतात."

अशा रीतीने बीड जिल्ह्यातलं पहिलं मोठं इंजिनिअरिंगचं यंत्र उघड्या माळावर उभं राहिलं. त्यावर ताडपत्री टाकली. पाली गावातली माणसं बैलगाडी थांबवून बघायची. "कुठला देव हाय?" एका म्हातारबाबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "इंजिनिअरिंगचा." त्यांनी हात जोडले आणि गेले.

मग यंत्राभोवती भिंती चढल्या, वर छत पडलं. गवंड्याने विचारलं, दार केवढं ठेवू? सरांनी नकाशा दाखवला. नकाशात साध्या खोलीचं असतं तेवढंच दार होतं. तेवढंच ठेवलं. यंत्र आतच होतं. त्याला कुठे बाहेर फिरायला जायचं होतं? आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, आणि आम्ही सगळेच त्या दिवशी फार खूश होतो.

आता माझ्या जखमेकडे येतो.

इमारतीच्या उद्घाटनाला गेलो तर यंत्राच्या खांबावर चकचकीत पितळी पाटी. त्यावर दादासाहेबांच्या वडिलांचं नाव आणि पुढे: 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'.

भेट! मी पाटी पुन्हा वाचली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात उत्तम सौदा, आणि त्याच्यावर लिहिलंय की तो कुणीतरी फुकट दिला. माणसाने मोठा पैलवान चितपट करावा आणि पेपरात यावं की पैलवान स्वतःच आडवा झाला होता, तसं झालं. मी तसाच दादासाहेबांकडे गेलो. मंत्र्यांच्या पंगतीत ते वाढायला उभे होते.

"दादासाहेब, भेट कुणी दिलं? संस्थेनं इकत घेतलंय. मी घेतलंय!"

"हळू बोल." त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, इकत घेतलं असं लिहिलं की लोक इचारतात, कितीला घेतलं. भेट लिहिलं की कुणी काय इचारत न्हाई. लई सोपं पडतं."

"आन् माझं काय?"

"तुझं काम देवाला दिसतंय की." आणि त्यांनी माझ्या हातात ताट देऊन त्यात जिलेबी वाढली. मी तिथेच ताट ठेवून आलो. जिलेबी चांगली होती असं नंतर कळलं.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. कार्यशाळेतला लेथ, ड्रिल, भट्टी, सगळ्यांना झेंडू आणि हळदकुंकू. सगळ्यात मोठं यंत्र म्हणून पहिला मान यूटीएमचा, आणि ते मी आणलं म्हणून पूजा माझ्या हातची. त्या वर्षी मी कुंकवाचं बोट उचललं आणि बरोबर पाटीवरच्या 'भेट' या शब्दावर टेकवलं. चांगला जाड लेप दिला. शिपायाने दुसऱ्या दिवशी पाटी घासून लख्ख केली. पुढच्या खंडेनवमीला मी पुन्हा लेप दिला. हे माझ्या निवृत्तीपर्यंत दरवर्षी चाललं. त्या एका शब्दाला इतकं कुंकू लागलं की तो पाटीवरच्या इतर शब्दांपेक्षा लालसर दिसायला लागला, आणि त्यामुळे लांबूनही आधी तोच वाचता यायचा. याचा विचार मी आधी केला नव्हता.

कॉलेज वाढत गेलं. वाढणं म्हणजे लोकांना इमारती दिसतात. मला माणसं दिसतात, कारण ती आणणं सगळ्यात अवघड. इलेक्ट्रॉनिक्स शाखा मिळाली तेव्हा तिला विभागप्रमुख मिळेना. बीड म्हटलं की उमेदवार पाण्याचं विचारायचे. शेवटी एक जण पत्नीसह जागा बघायला यायला तयार झाले. मी त्यांना भरपावसाळ्यात बोलावलं आणि स्टँडवरून थेट कॉलेजवर न आणता आधी पुढे पालीला नेलं. बिंदुसरा धरण भरून वाहत होतं. सांडव्यावरून पाण्याची पांढरी चादर पडत होती, लोक भजी खात होते. बाई हरखून म्हणाल्या, "अय्या, इथे इतकं पाणी आहे?" मी म्हटलं, "वहिनी, हे तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे." एक शब्द खोटा नव्हता. ते रुजू झाले. पुढच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत वहिनींनी मला बघितलं आणि घागर खाली ठेवली. त्या काय बोलल्या ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पण ते कुटुंब गेलं नाही. सर इथूनच निवृत्त झाले, घरही इथेच बांधलं. वहिनी मला अजून चहा विचारत नाहीत.

मग कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी एसी लागतो असं विक्रेत्याने सांगितलं. प्राचार्यांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता आणि यंत्रांना गारवा. मी भांडून एसी मिळवले, वर चपलांची मांडणीही पदरात पाडून घेतली, कारण त्या खोलीत चपला काढून जायचं असे, देवळासारखं. उन्हाळ्यात ती खोली तुडुंब भरायची. पुढच्या वर्षी मुलं कॉम्प्युटर शाखेसाठी रांगा लावू लागली, तेव्हा सगळे म्हणाले, काळ बदलला. मला वाटतं, निम्मी मुलं एसीसाठी येत होती.

यूटीएमकडे येणारी मुलं मात्र कमी होत गेली. कॉलेज स्वायत्त झालं, मग विद्यापीठ झालं, दर काही वर्षांनी कमानीवरचं नाव लांब होत गेलं. शाखांची नावं अशी झाली की त्यात नेमकं काय शिकवतात ते विचारायची लाज वाटावी. दादासाहेब गेले, रानडे सर गेले. आणि माझ्या निवृत्तीच्या आधी खरेदी पोर्टलवर गेली. पोर्टल म्हणजे काय, तर स्क्रीनवर वस्तू, समोर भाव, खाली एक बटण. माणूसच नाही! मी त्या स्क्रीनसमोर अर्धा दिवस बसलो. तिला चहा विचारता येत नाही, तिच्यावर डाफरता येत नाही, निघून जायचं नाटक केलं तर ती "परत या" म्हणून हाक मारत नाही. निरोपसमारंभात मला शाल मिळाली. तीही पोर्टलवरूनच घेतली होती. मी हात लावला आणि ओळखलं, जास्त दिले होते.

यंदा गणपती उठले आणि डॉ. सानप मॅडमचा फोन आला. मनीषा सानप या आता अधिष्ठाता. म्हणजे इंजिनिअरिंगचा सगळा कारभार त्यांच्या हातात. तिला मी ती इथे शिकत होती तेव्हापासून ओळखतो. मेकॅनिकलच्या वर्गात तेव्हा ती एकटीच मुलगी होती. यूटीएमवर पहिली सळई तुटली तेव्हा ती किंचाळली होती आणि लगेच म्हणाली होती, "अजून एक तोडू?"

"काका, जुनं यूटीएम भंगारात काढायचंय. नवं कॉम्प्युटरवालं आलंय, त्याला जागा लागते. पण रफिकभाई एकटेच गिऱ्हाईक आहेत आणि भाव वाढवत नाहीत. कमिटीचं म्हणणं, तुम्हाला बोलवावं. तुमच्याइतकं कुणी ताणत नाही."

मी 'येतो' म्हटलं आणि फोन ठेवला.  ज्या यंत्रासाठी भांडलो, त्याला भंगारात चांगला भाव यावा म्हणून मीच भांडायचं! आणि ते गेलं की ती पाटी कुठल्या तरी कपाटात जाणार, 'भेट'च राहणार, खोडायला कुंकूही मिळणार नाही. रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "लोखंडासाठी कुणी उपाशी झोपतं का?"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कमिटी बसली होती: मॅडम, लेखा अधिकारी आणि दोन तरुण प्रोफेसर. रफिकभाई यंत्राभोवती फिरत होते. त्यांचा भंगाराचा धंदा तीन पिढ्यांचा, आणि माझ्याशी त्यांचं जन्मभराचं भांडण आणि जन्मभराचा दोस्ताना.

"भाऊ, तुम्ही?" ते म्हणाले. "आता आपली धडगत न्हाई."

"भाव नंतर," मी बसत म्हटलं. "आधी अटी. यंत्र दारातून निघत न्हाई. भिंत पाडावी लागेल."

"पाडू की."

"पाडू की न्हाई. पाडली तर बांधूनबी द्यायची. प्लास्टर, रंगासकट."

कमिटीने माना डोलावल्या. रफिकभाईंनी मनातल्या मनात काहीतरी कमी केलं. मला ते दिसलं.

"ह्या भिंतीवर छताची तुळई हाय. भिंत निघाली की छताला टेकू पाहिजेत. छताला एक तडा गेला तर जबाबदारी तुमची."

लेखा अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतलं. ते फार खूश दिसत होते.

"यंत्र जेवढं वर हाय, पाया तेवढाच खाली हाय. काँक्रीट फोडून न्यायचं, खड्डा भरायचा, वर फरशी बसवून द्यायची. शेजारी नवं यंत्र येऊन पडलंय, नाजूक. त्याच्यावर धूळ बसली तर..."

"भाऊ!" रफिकभाई ओरडले. "मी भंगार न्यायला आलोय का इमारत बांधायला?"

"मग कमिटीनं नुकसान सोसायचं? हे इद्यापीठ हाय! कुणाच्या बापाचा गोठा न्हाई!" मी टेबलावर हात आपटला. निम्मा राग कामापुरता होता. दुसरा निम्मा पाटीकडे बघून आला होता.

तरुण प्रोफेसर एकमेकांकडे कौतुकाने बघत होते. इतक्या जोराने विद्यापीठाची बाजू कुणी लढवलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"आता भाव," मी खांद्यावरचं उपरणं काढलं. "आमच्या पद्धतीनं. मॅडम, चालेल ना?" मॅडम हसल्या. मी रफिकभाईंचा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं. खाली ते माझ्या बोटांची वाट बघत होते. मी एकही बोट दाबलं नाही. मूठ मिटली.

रफिकभाईंनी वर बघितलं. मूठ गिऱ्हाइकाने मिटायची असते, विकायला बसलेल्याने नव्हे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तीन पिढ्यांचा धंदा उगीच नसतो. त्यांनी हात बाहेर काढला आणि कपाळाचा घाम पुसला.

"मॅडम, माफ करा. भिंत बांधायची, छत धरायचं, खड्डा भरायचा. उलट तुम्हीच मला पैसे द्या, तर नेतो. आणि भाऊंच्या देखरेखीखाली असेल तर तेवढ्यातबी न्हाई परवडत."

ते उठून गेले. दारात मला हळूच म्हणाले, "एक बिर्याणी तुमच्याकडं लागली." कमिटीने नोंद केली की यंत्र हलवणं संस्थेच्या हिताचं नाही, आणि नवं यंत्र शेजारच्या रिकाम्या कोपऱ्यात बसवावं. तो कोपरा पहिल्यापासून रिकामाच होता.

सगळे गेल्यावर मॅडमनी चहा मागवला.

"काका, तुम्ही भाव वाढवायला आला होता."

"अटी सगळ्या संस्थेच्या बाजूच्या होत्या. एक तरी चुकीची दाखव."

"एकही चुकीची नव्हती, तेच तर." तिने कप खाली ठेवला. "ते जाऊ दे. यंत्र राहतंय, तर नीट राहू दे. मुलांना दाखवायला. रंग देऊ, नवी पाटी लावू. तुम्हाला काय हवं?"

"माझं नाव," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरांत. आन् फोटो."

तिचा चेहरा पडला. "काका, नियम झालाय. हयात माणसाचं नाव कशालाच देता येत नाही. फोटो तर नाहीच. मला खरंच वाईट वाटतं."

 मी कपाकडे बघत राहिलो. गरज होती त्याहून जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

"मग राहू दे," मी म्हटलं. "दादासाहेबांच्या वडलांचं नाव ठेव. फकस्त ते 'भेट' काढ. खरं काय ते लिही."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे तर मी आजच करते!" ती इतकी खूश झाली की तिने बिस्किटंही मागवली.

ती बिस्किटं खाताना मला वाटून गेलं, नियम नसता तर? नाव मागितलं ते नाकारलं जावं म्हणूनच. मामांनी शिकवलं तसंच. पण तिने चटकन 'हो' म्हटलं असतं, तर मी काही नको म्हटलं नसतं. स्मरणिकेचं मी अजून विसरलेलो नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी हा लेख मागितला तेव्हा मी आधी फोटो छापणार का ते विचारलं.

खंडेनवमीला बोलावणं आलं. यंत्राला नवा हिरवा रंग, खांबांना झेंडूच्या माळा. शेजारी नवं यंत्र, कपाटाएवढं, मुकं. त्यालाही एक बारीक हार. नव्या पाटीवर दादासाहेबांच्या वडिलांचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ', आणि खाली: 'हे यंत्र संस्थेने घासाघीस करून विकत घेतले आहे.' मुलं ती वाचून हसत होती आणि मोबाइलवर फोटो काढत होती. एकाने विचारलं, "कितीला घेतलं, काका?" दादासाहेब म्हणाले होते, लोक विचारतात. मी त्याला सांगितलं नाही, पण विचारलेलं फार बरं वाटलं.

नारळ फोडला. ताट हातात घेतलं, कुंकवाचं बोट उचललं आणि सवयीने हात पाटीकडे गेला. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. बोट हवेतच राहिलं. मॅडम बघत होती. मग मी हात जरा वर नेला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुंकू यंत्राला लावलं.